पाठीवरचं फिरतं हाड : खवाट्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मानेच्या दुखण्यावर लिहिताना शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं की मान दुखते म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा अर्धा गुंता खवाट्यात असतो. खवाटा म्हणजे खांद्यामागचं ते चपटं तिकोनी हाड, डॉक्टर ज्याला स्कॅपुला म्हणतात. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की आजचं अख्खं सदर त्यालाच देतेय, आणि खरं सांगू का, मला फार बरं वाटलं. मी फिजिओथेरपी करते आणि अ‍ॅनाटॉमी शिकवते, मुलं दंडाचं हाड, मांडीचं हाड आवडीने शिकतात, पण खवाटा मात्र परीक्षेपुरता पाठ करून सोडून देतात, आणि मग पेशंट समोर आला की सगळे खांद्याच्या पुढच्या बाजूला दाबून बघतात, पाठ उघडी करून मागून बघायचं कोणाच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : ताई, मी चित्रकला शिकते. माणसाची पाठ काढताना माझं दरवेळी चुकतं. मॉडेलने हात खाली सोडला की ते हाड एका जागी दिसतं, हात वर केला की काखेकडे निघून जातं. पुस्तकात तर एकाच जागी छापलेलं असतं. मी ते नेमकं कुठे बसवू?

तुझं चुकत नाहीये गं, तू बरोबर बघतेयस. पुस्तकातलं चित्र म्हणजे हात खाली सोडून उभ्या असलेल्या माणसाचा एक क्षण आहे फक्त. त्या क्षणी खवाटा दुसऱ्या बरगडीपासून सातव्या बरगडीपर्यंत पसरलेला असतो, आणि त्याची आतली कड मणक्यापासून पाचसहा सेंटीमीटर लांब, म्हणजे साधारण तीन बोटांवर.

आधी स्वतःच्या अंगावर शोध. उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे टाक आणि बोटांनी चाचपत जा, एक आडवी, जरा तिरकी, हाडाची धार लागेल. ती खवाट्याची कण्यासारखी उभारलेली कड, तिला स्पाइनच म्हणतात. आतल्या टोकाला ती छातीच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर सुरू होते आणि बाहेर चढत चढत खांद्याच्या माथ्यावर जाऊन रुंद होते, जिथे शर्टाची शिवण येते ना तिथे. त्या रुंद टोकाचं नाव अक्रोमियन. आता कोणाला तरी हात कंबरेमागे न्यायला सांग, लगेच आतली कड कातडीखालून वर उचलली जाईल आणि खालचं टोकही हाताला लागेल, ते छातीच्या सातव्या मणक्याच्या आसपास असतं. वरचा आतला कोपरा मात्र सहज दिसत नाही, जाड स्नायूखाली दडलेला असतो. आणि तिसरा, बाहेरचा कोपरा, हा खरं तर कोपरा म्हणण्यासारखा नाहीच, तिथे हाड जाड होऊन एक उथळ, नासपतीच्या आकाराची खोबण तयार होते आणि तिच्यात दंडाच्या हाडाचं गोल डोकं टेकतं. तिच्या जरा वर आणि पुढे एक वाकडी चोच निघते, कोरॅकॉइड, ती पुढून कॉलरबोनच्या बाहेरच्या भागाखाली दाबून बघितलीस तर लागेल. बाकी मधलं पातं इतकं पातळ असतं की सुटं हाड उजेडासमोर धरलं की त्यातून प्रकाश दिसतो. वर्गात मी हे दाखवते तेव्हा मुलं पहिल्यांदा त्या हाडाकडे नीट बघतात.

चित्रासाठी दोन गोष्टी खूप महत्त्वाच्या. एक म्हणजे खवाटा पाठीवर फरशीसारखा सपाट टेकलेला नाही, छातीचा पिंजरा गोल आहे आणि खवाटा त्या गोलाईवर बसलाय त्यामुळे त्याचं तोंड बाजूला नसून साधारण ३० अंश पुढच्या बाजूला वळलेलं असतं. म्हणून आपण हात सहज उचलतो तेव्हा तो अगदी बाजूला जात नाही, थोडा पुढे जातो. दुसरी म्हणजे ती आडवी धार बारीक माणसात उंचवटा म्हणून दिसते पण कमावलेल्या पाठीत तिथे खाच दिसते, कारण धारेच्या वरखाली दोन्हीकडे स्नायू फुगलेले असतात. तू मॉडेल बदलल्यावर गोंधळत असशील तर हे एक कारण असू शकेल.

आता ते फिरतं का, तर हाच या हाडाचा सगळा खेळ आहे. अख्खा हात धडाला हाडाने फक्त एका वाटेने जोडलेला आहे, खवाट्याचं अक्रोमियन कॉलरबोनला आणि कॉलरबोन पुढे छातीच्या मधल्या हाडाला, बस. मागे मणक्याशी काही सांधा नाही, बरगड्यांशी नाही. खवाटा आणि बरगड्या यांच्यामध्ये स्नायूंचे दोन थर आहेत आणि त्यांच्यावरून तो घसरतो. साधारण १७ स्नायू त्याला धरून असतात, काही वर मानेकडे ओढणारे, काही मणक्याकडे, काही पुढे बरगड्यांकडे, काही खाली. तंबूचा मधला खांब जसा चारी बाजूच्या दोऱ्यांवर उभा असतो तसं, फक्त इथे दोऱ्या क्षणाक्षणाला लांब-आखूड होतात. खांदे उडवले की तो वर सरकतो, कोणाला मिठी मारली की दोन्ही खवाटे एकमेकांपासून लांब जातात, छाती काढून उभं राहिलं की जवळ येतात, आणि हात पूर्ण वर नेला की तो चक्क फिरतो, खालचं टोक बाहेर आणि पुढे काखेखाली जातं, साधारण ६० अंश. त्यामुळे हात वर केलेल्या मॉडेलचा त्रिकोण तिरका आणि बाहेर काढ, आणि पाठ काढायला घेण्याआधी दर पोझला फक्त तीन ठिपके शोध, धारेचं आतलं टोक, अक्रोमियन आणि खालचं टोक. बाकीची पाठ त्या तिघांवर बसते.

प्रश्न : या हाडाला इतकी नावं का आहेत? स्कॅपुला, अंसफलक, खवाटा, आणि काहीजण तर फावडंच म्हणतात.

अंस म्हणजे खांदा आणि फलक म्हणजे फळी, संस्कृतातलं सरळ वर्णन आहे, सुश्रुतसंहितेतल्या मर्मांच्या यादीत अंसफलक येतं. फावडं म्हणणं पण नुसतं दिसण्यावरून आहे असं समजू नका, माणसाने खरोखर या हाडाची फावडी केलेली आहेत. चीनमधल्या हमुदू इथे सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत जनावरांच्या खवाट्यांपासून केलेली खणायची अवजारं सापडली. मोठ्या जनावराचं हे हाड रुंद, चपटं आणि एका टोकाला जाड असतं, दांडा बांधायला आयती सोय. चीनमध्येच शांग राजवटीत प्रश्न विचारून बैलांचे खवाटे तापवायचे, पडलेल्या तड्यांवरून उत्तर वाचायचे आणि प्रश्न त्या हाडावर कोरून ठेवायचे, आणि चिनी लिपीचे सगळ्यात जुने मोठे पुरावे आज आपल्याकडे आहेत ते या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवरच. अक्रोमियन हे ग्रीकमधून आलंय, खांद्याचं टोक असा अर्थ, आणि कोरॅकॉइड म्हणजे कावळ्यासारखं, त्या वाकड्या चोचीवरून.

प्रश्न : मी दिवसाचे आठ-नऊ तास कंप्युटरवर असतो. दोन खवाट्यांच्या मधे, उजवीकडे जास्त, सतत ठसठसतं. मला सगळे सांगतात खांदे मागे खेचून ताठ बस. मी तसं करतो तर संध्याकाळी जास्त दुखतं. पोश्चर बेल्ट घेऊ का?

तुम्ही जे अनुभवताय ते अगदी खरं आहे आणि मला हे वाचून वाईटही वाटलं कारण "खांदे मागे, छाती पुढे" हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्याने त्रास झाला तरी माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

खवाट्याच्या आतल्या कडेपासून मणक्यापर्यंत जे स्नायू आहेत, ऱ्हॉम्बॉइड आणि ट्रॅपिझियसचा मधला भाग, ते पुढे झुकून बसल्यावर ताणलेल्या अवस्थेत तासन् तास काम करत राहतात, कारण एका हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असतं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचा एक हात साडेतीन किलोच्या आसपास, आणि तो कीबोर्डवर अधांतरी धरला की ते वजन शेवटी खवाट्यावरून या स्नायूंवर येतं. आता त्यात तुम्ही जाणूनबुजून खांदे मागे खेचून धरले तर तेच दमलेले स्नायू आता आवळून धरलेल्या अवस्थेत काम करायला लागतात. आधी ताणून दमत होते, आता आखडून दमतात. विश्रांती कुठेच नाही. आणि अजून एक जागा तपासा, खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यावर बोट दाबून बघा, तिथे नेमकं खुपतं का? मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून एक स्नायू त्या कोपऱ्यावर येऊन चिकटतो, लेव्हेटर स्कॅप्युली, नावाचा अर्थच खवाटा उचलणारा. फोन कान-खांद्यात धरणारे, एका बाजूला स्क्रीन ठेवणारे, माउससाठी हात लांब करणारे, यांचा हा कोपरा बहुतेक दुखरा असतो.

बेल्ट घेऊ नका असं मी म्हणेन. तो खवाटे धरून ठेवतो आणि तुमच्या खवाट्यांना नेमकं उलटं हवंय, त्यांना हलायला हवंय. कोपरं टेबलावर किंवा खुर्चीच्या हातांवर टेकतील असं बसा, म्हणजे हाताचं वजन फर्निचरवर जाईल. माउस जवळ घ्या. अर्ध्या तासाने उठा, दोन्ही हात डोक्यावर पूर्ण उंच न्या, खाली आणा, खांदे कानाकडे उचलून सोडा, गोल फिरवा, एवढंसं. मग दिवसातून एकदा भिंतीसमोर उभं राहून तळहात भिंतीला टेकवा, कोपरं सरळच ठेवा आणि छाती भिंतीकडे जाऊ द्या म्हणजे खवाटे जवळ येतील, मग भिंतीला ढकलून पाठ मागे गोल करा म्हणजे लांब जातील, हे दहा-बारा वेळा. आणि इलॅस्टिक बँड दाराला अडकवून तो पोटाकडे ओढायचा व्यायाम, हळू, सोडतानाही हळू. ताठ बसणं वाईट नाही, वाकून बसणंही वाईट नाही, एकाच तऱ्हेने बसून राहणं वाईट आहे.

पण थांबा, एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही. खवाट्यापाशी दुखतंय म्हणजे दुखणं खवाट्यातच आहे असं नसतं. मानेच्या खालच्या भागातल्या चकतीचं दुखणं हमखास खवाट्याच्या आतल्या कडेला जाणवतं, मान हलवल्यावर तिथली कळ वाढत असेल, हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील तर मान तपासून घ्या. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खवाट्याच्या खालच्या टोकापाशी जाऊ शकतं, तुमचं उजवीकडे जास्त आहे म्हणून विचारते, जेवल्यावर, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर वाढतं का ते बघा. आणि दोन खवाट्यांमध्ये अचानक, फाटल्यासारखी जोरदार कळ आली किंवा सोबत घाम, धाप, छातीत दडपण असेल तर व्यायामबियाम सगळं बाजूला ठेवून ताबडतोब इमर्जन्सीत जायचं, हृदयाची आणि महाधमनीची दुखणी अशी येतात. ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, यासाठीही वाट बघू नका.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. महिन्याभरापूर्वी त्याला खांद्यात दोन-तीन दिवस भयंकर कळा आल्या, मग थांबल्या, पण आता उजवा खवाटा पंखासारखा बाहेर येतो आणि हात वर जाताना अडतो. लोक म्हणतात बारीक आहे म्हणून दिसतं, जिमला घाल. घालू का?

ताई, जिमला घालण्याआधी त्याला न्यूरोलॉजिस्टकडे किंवा ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे न्या, आणि हे मी घाबरवायला नाही सांगत.

बारीक मुलांचे खवाटे दोन्हीकडे थोडे उठून दिसतात, त्यात काही नसतं. पण एकाच बाजूचा, नव्याने, आणि आधी जोरदार कळा येऊन गेल्यानंतर, हे वेगळं चित्र आहे. बरगड्यांच्या बाजूने एक स्नायू निघतो, करवतीच्या दातांसारखी त्याची टोकं वरच्या आठ-नऊ बरगड्यांना धरलेली असतात, तो खवाट्याच्या खालून मागे जाऊन त्याच्या आतल्या कडेला चिकटतो. सेरेटस अँटिरियर. खवाटा पाठीला चिकटवून ठेवायचं आणि पुढे ढकलायचं काम त्याचं. त्याला चालवणारी नस मानेतल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मुळांतून निघते आणि छातीच्या बाजूने खूप लांबवर उघड्यावरून खाली येते, तिला लाँग थोरॅसिक म्हणतात. लांब आणि उघडी म्हणून ती सहज दुखावते. जड सॅक खांद्यावर तासन् तास, बाजूने लागलेला मार, काखेतलं ऑपरेशन, आणि कधीकधी नुसती नसेची सूज, जी बऱ्याचदा व्हायरल तापानंतर येते आणि जिच्यात आधी प्रचंड कळा आणि कळा थांबल्यावर अशक्तपणा असा क्रम असतो. तुम्ही लिहिलेलं त्याच्याशी जुळतंय, नक्की काय ते मात्र समोर तपासूनच ठरेल.

घरी एवढं बघा, त्याला भिंतीला दोन्ही हातांनी ढकलायला सांगा आणि मागून बघा. सेरेटस कमजोर असेल तर आतली कड ठळक सुटून येते आणि खवाटा मणक्याकडे सरकतो. दुसरा एक प्रकार असतो, ट्रॅपिझियसचा, त्यात खांदा खाली पडलेला दिसतो, खवाटा मणक्यापासून लांब जातो, आणि हात बाजूने उचलताना जास्त कळतं, मानेतल्या गाठीचं वगैरे ऑपरेशन झालेलं असेल तर तो विचार आधी करायचा. डॉक्टर नसेची ईएमजी तपासणी सांगतील.

चांगली बाजू ही की नस नुसती सुजली किंवा ताणली गेली असेल, तुटली नसेल, तर बरेचदा ती आपणहून भरून येते, पण हळू, सहा महिने ते दोन वर्षं. या काळात जिमला जाऊन डोक्यावर वजनं उचलायची नाहीत, सांधे कडक होऊ द्यायचे नाहीत आणि हात जाईल तेवढाच हलका व्यायाम फिजिओच्या देखरेखीखाली करायचा. दोन्ही बाजूंचे खवाटे हळूहळू वर्षानुवर्षं सुटत चाललेत आणि सोबत डोळे घट्ट मिटत नाहीत, शीळ घालता येत नाही असं कुणाच्या घरात असेल तर तो स्नायूंचा आनुवंशिक आजार असू शकतो, त्याची तपासणी वेगळी. आणि जन्मापासूनच एक खवाटा वर अडकलेला असेल तर त्याला स्प्रेंगेलची विकृती म्हणतात, स्प्रेंगेल या जर्मन सर्जनने १८९१ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून, त्यासाठी लहानपणीच बालअस्थितज्ज्ञाला दाखवायचं.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, डायबेटिस आहे. हात वर करायला गेले की आधी खांदाच कानाकडे जातो, हात खांद्याच्या वर जातच नाही. फ्रोझन शोल्डर म्हणतात तो हाच का?

असू शकतो, वय आणि डायबेटिस दोन्ही त्या बाजूला आहेत, आणि तुम्ही जे टिपलंय ना, आधी खांदा कानाकडे जातो, ते बरेच लोक बघतच नाहीत.

हात बाजूने पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंश होतात. त्यातले साधारण १२० दंड आणि खवाट्याच्या मधल्या सांध्यात होतात आणि ६० खुद्द खवाटा फिरल्यामुळे. दोनास एक. सुरुवातीच्या तीसेक अंशात खवाटा स्थिरावतो, फारसा फिरत नाही, मग दोघं एकत्र चालतात. याला स्कॅप्युलोह्यूमरल ऱ्हिदम म्हणतात, अमेरिकन सर्जन कॉडमन यांनी १९३४ मध्ये हा शब्द वापरला आणि १९४४ मध्ये इनमन, सॉन्डर्स आणि अ‍ॅबट यांनी तो मोजून मांडला. खऱ्या माणसात तो काटेकोर दोनास एक नसतो, माणसागणिक, वेगागणिक बदलतो, पण हिशोब म्हणून कामाचा आहे.

खवाट्याने फिरायचं कशाला, असं वडील विचारतील तर सांगा, त्या उथळ खोबणीत दंडाच्या डोक्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्साच मावतो. आपण तळहातावर काठी उभी तोलतो तेव्हा काठी कलली की हात तिच्याखाली सरकवतो ना, खवाटा तेच करतो, दंड जिकडे जाईल तिकडे खोबण त्याच्याखाली नेऊन धरतो. ट्रॅपिझियसचा वरचा भाग, खालचा भाग आणि सेरेटस असे तिघं तीन बाजूंनी ओढतात आणि हाड जागेवर फिरतं. शिवाय तो फिरला की अक्रोमियनचं छप्पर वर उचललं जातं, नाहीतर त्याच्याखालून जाणारी रोटेटर कफची, म्हणजे दंडाचं डोकं खोबणीत धरून ठेवणाऱ्या स्नायूंची, कंडरा चेपली जाईल.

आता वडिलांच्या खांद्याचा मुख्य सांधाच आखडला असेल तर त्यांना १२० पैकी फार थोडे अंश मिळतायत आणि मग खवाटा बिचारा लवकर आणि जास्त फिरून भरपाई करायला बघतो, तोच तुम्हाला कानाकडे जाणारा खांदा दिसतो. तपासायचं कसं, तर कोपर कमरेला चिकटवून, काटकोनात वाकवून, हाताचा पंजा बाहेर वळवायला सांगा, आणि मग तुम्ही स्वतः हळूच वळवून बघा. त्यांनी वळवला तरी अडतो आणि तुम्ही वळवला तरी तिथेच अडतो, तर फ्रोझन शोल्डरची शक्यता जास्त. तुम्ही उचललात की पूर्ण जातो पण त्यांना स्वतःला उचलवत नाही, तर रोटेटर कफ फाटली असण्याची शंका घ्यायची, तिचा उपचार वेगळा. एकदा एक्स-रे करून डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. फ्रोझन शोल्डर सुटायला एकापासून तीन वर्षं लागू शकतात, साखर सांभाळा, आणि कोणी जोर लावून हात मोडल्यासारखा ओढत असेल तर करू देऊ नका.

प्रश्न : बाइकवरून पडून माझा खवाटा मोडला. डॉक्टरांनी नुसती झोळी दिली, ना प्लास्टर ना ऑपरेशन. हयगय तर होत नाहीये ना?

नाही, बहुतेक वेळा हाच उपचार असतो. खवाटा दोन्ही बाजूंनी जाड स्नायूंत गुंडाळलेला असतो, रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे तुकडे फार हलत नाहीत आणि सहाएक आठवड्यांत भरून येतात. झोळी दोन-तीन आठवडे आणि मग डॉक्टर सांगतील तसं हालवायला सुरुवात, ती मात्र टाळू नका. खोबणीपर्यंत तडा गेला असेल आणि तुकडा सरकला असेल तर ऑपरेशन लागतं.

महत्त्वाचं दुसरंच आहे. खवाटा सहसा मोडत नाही, सगळ्या फ्रॅक्चर्समध्ये त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी, आणि मोडला म्हणजे मार फार जोराचा होता. म्हणून छातीचा एक्स-रे झाला होता ना, बरगड्या आणि फुप्फुसं बघितली होती ना, हे विचारून घ्या. आणि अक्रोमियनच्या टोकाशी रेघ दिसतेय म्हणून कोणी तिथेही फ्रॅक्चर सांगितलं तर दुसऱ्या खांद्याशी ताडून बघायला सांगा, ते टोक वेगळ्या तुकड्यांतून तयार होतं, पंचविशीपर्यंत जुळतं आणि काही लोकांत आयुष्यभर जुळतच नाही.

प्रश्न : खांदा फिरवला की मागे कट्कट् आवाज येतो. दुखत नाही.

दुखत नसेल तर राहू द्या. खवाटा बरगड्यांवरून सरकताना मधल्या थरांत, छोट्या पाण्याच्या पिशव्यांत असा आवाज होतो. दुखायला लागला, किंवा एकाच जागी हाड हाडावर घासल्यासारखा जाड आवाज येऊ लागला तर दाखवा, क्वचित वरच्या आतल्या कोपऱ्याला किंवा बरगडीला हाडाची गाठ असते.

प्रश्न : मावशी, मी पाचवीत आहे. आमची मांजर चालते तेव्हा तिच्या पाठीवर दोन हाडं वरखाली होतात. तीच का ही? सगळ्या प्राण्यांना असतात का?

हो रे, तीच! किती छान बघितलंस. मांजरीचे खवाटे आपल्यासारखे पाठीवर नसतात, छातीच्या दोन्ही बाजूंना उभे असतात, आणि तिची कॉलरबोन अगदी काडीएवढी, दुसऱ्या कुठल्याच हाडाला न जोडलेली असते. म्हणजे तिचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, फक्त स्नायूंनी. त्यामुळे खवाटे मोकळे वरखाली होतात, पाऊल लांब पडतं, उडी मारून उतरली की धक्का स्नायूंत जिरतो, आणि डोकं जाईल अशा फटीतून ती खांदे आवळून निघून जाते. घोड्याला तर कॉलरबोन नसतेच, त्याचं पुढचं अंग दोन खवाट्यांच्या मधे स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं. पक्ष्यांचा खवाटा लांब, अरुंद, तलवारीच्या पात्यासारखा असतो, आणि तो शेजारच्या दोन हाडांबरोबर मिळून एक छोटं भोक तयार करतो, त्यातून एक दोरी म्हणजे कंडरा जाते आणि छातीतला स्नायू खाली असूनही पंख वर उचलतो, विहिरीवरच्या कप्पीसारखं. चिंपांझीसारखे वानर फांदीला लटकतात म्हणून त्यांची खोबण वरच्या बाजूला तोंड करून असते, आपली बाजूला. इथिओपियात डिकिका इथे सापडलेल्या ३३ लाख वर्षांपूर्वीच्या, माणसाच्या आदिम नातलगांपैकी एका छोट्या मुलीच्या सांगाड्यात खवाटे शाबूत होते, २०१२ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला, आणि ते बरेचसे वानरांसारखे निघाले, म्हणजे दोन पायांवर चालणारी ती मंडळी अजून झाडांवरही चढत असावीत.

सापाला खवाटा नसतोच, त्याला हातच नाहीत. आणि सगळ्यात वेगळं कासव. आपले सगळ्यांचे खवाटे बरगड्यांच्या बाहेर असतात, कासवाचे बरगड्यांच्या आत, कारण त्याच्या पाठीची ढाल बरगड्या रुंद होऊनच तयार झालीय आणि खांदे त्या ढालीखाली गेलेत. पुढच्या वेळी मांजर झोपली असेल तेव्हा तिच्या खांद्यावरून हळूच हात फिरव आणि ती उभी धार कुठे लागते ते शोध, आपल्याला आहे तशीच तिलाही आहे, खवाट्याच्या मधोमध.